लोकल, मेट्रो, बस: एक कार्ड म्हणजे एक भाडं नव्हे

प्रश्न थोडक्यात असा: मुंबई महानगरात मेट्रो आणि बस दोन्हींना चालणारं कार्ड आलं, सगळ्यांना जोडणारं ॲप आलं, तरी डोंबिवलीहून साकीनाक्याच्या पुढे कामाला जाणाऱ्याच्या खिशातून पूर्वीइतकेच पैसे का जातात? जर्मनीत, सिंगापूरला एकाच तिकिटावर रेल्वे, मेट्रो, बस कशी चालते? आणि इथे ते जमवायचं तर काय करावं लागेल?

बहुतेक घोळ दोन गोष्टी एक समजण्यातून होतो. पैसे देण्याचं साधन एक होणं वेगळं आणि भाडं एक होणं वेगळं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'मुंबई वन' ॲपने अकरा वाहतूक संस्था एका ठिकाणी आणल्या. लोकल, मेट्रो आणि बस यांचं मिळून एकच क्यूआर तिकीट निघतं. रांग वाचते, सुट्ट्या पैशांची कटकट वाचते. ती सोय खरीच आहे. पण त्या क्यूआरच्या पोटात तीन वेगळी भाडी आहेत आणि ॲप फक्त त्यांची बेरीज करतं. मेट्रो आणि बसला चालणाऱ्या राष्ट्रीय कॉमन मोबिलिटी कार्डाचंही तेच. पाकीट एक, बिलं वेगवेगळी.

आता ती बेरीज मांडून बघू. डोंबिवली ते घाटकोपर साधारण २९ किलोमीटर, लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट १० रुपये. घाटकोपर ते साकीनाका मेट्रो, तीनेक किलोमीटर, २० रुपये. पुढे बेस्टची साधी बस तीन किलोमीटर धरा, मे २०२५ पासून पाच किलोमीटरपर्यंत किमान भाडं १० रुपये. एकूण ४०. महिन्याचा हिशेब तर आणखी बोलका. लोकलचा पास २१५ रुपये. महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे पन्नास फेऱ्या. मेट्रो आणि बसच्या सवलतींचे पास बाजूला ठेवले तर मेट्रोचे १००० आणि बसचे ५००. म्हणजे २९ किलोमीटरला २१५ आणि उरलेल्या सहा किलोमीटरला १५००. घाटकोपरला मेट्रोचा जिना न चढता शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहणारा माणूस अडाणी नसतो, त्याने हाच हिशेब केलेला असतो.

असं होतं कारण प्रत्येक संस्थेच्या भाड्याचा पहिला टप्पा महाग असतो. स्टेशन, तिकीट यंत्रणा, चढउतार यांचा खर्च त्या पहिल्या टप्प्यात वसूल केलेला असतो, पुढचे किलोमीटर त्या मानाने स्वस्त पडतात. माणूस एकाच वाहनात पस्तीस किलोमीटर गेला तर पहिला टप्पा एकदाच भरतो. तीन वाहनं बदलली की तीनदा. गाडी बदलणं ही खरं तर त्याची गैरसोय आहे, कुणी हौसेने दादरचा पूल चढत नाही, आणि आपली भाडेरचना त्या गैरसोयीवर वर दंड लावते. एकात्मिक भाडं म्हणजे हा दंड काढून टाकणं: कुठून कुठे गेलात एवढंच बघायचं, कशातून गेलात ते नाही.

ऐकायला सोपं आहे. अडतं ते वाटणीवर.

समजा वरच्या प्रवासाला ४० ऐवजी एकच ३० रुपये भाडं ठरवलं. हे ३० तिघांत कसे वाटायचे? पहिली पद्धत किलोमीटरच्या प्रमाणात. एकूण ३५ किलोमीटर, त्यातले २९ रेल्वेचे. रेल्वेला २४ रुपये ८६ पैसे, मेट्रोला २ रुपये ५७ पैसे, बसला तेवढेच. म्हणजे आज १० मिळवणाऱ्या रेल्वेला जवळजवळ अडीच पट आणि २० मिळवणाऱ्या मेट्रोला चहाचेही पैसे नाहीत. मेट्रोवाले पहिल्याच बैठकीतून उठून जातील, आणि बरोबरच करतील. दुसरी पद्धत चढणाऱ्यांच्या मोजणीवर: प्रत्येक चढण्याला सारखा वाटा, तिघांना दहा-दहा. रेल्वे आणि बस जागच्या जागी, दहाचा सगळा तोटा एकट्या मेट्रोच्या डोक्यावर. शिवाय या पद्धतीत एक खोड आहे: जो बसमार्गाचे तुकडे पाडेल त्याला जास्त चढणी मिळतात, म्हणजे प्रवाशाला विनाकारण उतरवण्याचं बक्षीस. तिसरी पद्धत आजच्या भाड्याच्या प्रमाणात: साडेसात, पंधरा, साडेसात. तोटा सगळ्यांना एकाच प्रमाणात, म्हणून सुरुवातीला हीच सर्वांना पटते. पण ती आजची विषमता गोठवून ठेवते. पाच वर्षांनी नवी मार्गिका उघडली, लोकांच्या वाटा बदलल्या, तरी वाटे जुन्या भाड्यांवरच. मग दर दोन वर्षांनी नवी भांडणं.

यातून बाहेर पडायचा जो मार्ग जगात टिकला तो वाटणीचं सूत्र सुधारण्याचा नाही, वाटणीच टाळण्याचा आहे. तिकिटाचा पैसा एका सामायिक तिजोरीत जातो. गाड्या चालवणाऱ्याला तिकिटातून नाही, तर चालवलेल्या किलोमीटरमागे, वेळेवर चालवल्याबद्दल, ठरलेल्या करारानुसार पैसे मिळतात. प्रवासी कमी आले तर जोखीम तिजोरीची, गाडीच सोडली नाही तर दंड चालवणाऱ्याला. सिंगापूरने २०१६ पासून बससेवा याच धर्तीवर कंत्राटाने द्यायला सुरुवात केली: तिकिटाचं उत्पन्न सरकारी प्राधिकरणाकडे, कंपनीला सेवेचे पैसे. आणि आपल्याला हे परकं वाटायचं काही कारण नाही. बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या बस याच सूत्रावर धावतात. बस आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचा, त्याला किलोमीटरमागे पैसे, तिकिटाचा गल्ला बेस्टचा. कंत्राटदाराला बसमध्ये किती माणसं बसली याचं सोयरसुतक नसतं. त्याचे तोटेही मुंबईने पाहिले आहेत, ड्रायव्हर पगारासाठी अडून बसले की डेपोतून बस निघत नाहीत. म्हणजे करार कसा लिहिला आहे यावर सगळं अवलंबून. पण एकात्मिक भाड्याचा पाया म्हणून ही रचना उपलब्ध आहे, नव्याने शोधायला नको.

मग तिजोरीतली तूट कोण भरतं? इथे जर्मनीतलं हॅम्बुर्ग आणि स्वित्झर्लंडमधलं झ्युरिक बघण्यासारखी आहेत. हॅम्बुर्गमध्ये नोव्हेंबर १९६५ मध्ये चार संस्थांनी मिळून जगातला पहिला परिवहन संघ उभा केला: शहराची मेट्रो आणि बस चालवणारी कंपनी, केंद्र सरकारची रेल्वे, उपनगरातली बस कंपनी आणि बंदरातली फेरीबोट कंपनी. आजही तिथे त्याच तिकिटावर एल्बे नदीतल्या बोटीत बसता येतं. (मुंबईच्या बोटी सुटतात त्या भाऊच्या धक्क्यावर हे वाक्य मोठ्याने वाचू नये.) केंद्राची रेल्वे आणि शहराची बस एका टेबलावर येऊ शकत नाहीत ही सबब त्यामुळे साठ वर्षं जुनी झाली आहे. म्युनिकने २८ मे १९७२ रोजी, ऑलिंपिकच्या तीन महिने आधी, लोकल आणि सामायिक भाडं एकाच दिवशी सुरू केलं. झ्युरिकची लोकल आणि कँटनभरचं (कँटन म्हणजे स्विस प्रांत) एकच भाडं मे १९९० पासून. तिथे तुटीची अर्धी रक्कम कँटन भरतं आणि अर्धी गावं-शहरं मिळून. गावाचा वाटा ठरवताना त्याच्या हद्दीतल्या थांब्यांवर किती फेऱ्या थांबतात ते मोजतात. त्यामुळे गावाने जास्त बस मागितली तर खर्चाचा आकडाही सोबत येतो, आणि मागणी आपोआप शुद्धीवर राहते. हे कलम माझ्या मते सगळ्या रचनेतलं सर्वांत हुशार कलम आहे. आपल्याकडे मात्र ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार या पालिकांच्या बससेवा स्वतंत्र, तोटाही प्रत्येकीचा वेगळा.

मुंबईत टेबलाभोवती बसवायची मंडळी किती वेगवेगळ्या घरची आहेत ते बघा. लोकलचं भाडं रेल्वे मंत्रालय ठरवतं. २०२२ मध्ये एसी लोकलचं एकेरी भाडं निम्मं झालं तो निर्णयही तिथलाच. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो खासगी भागीदारीतली, तिचा जीव तिकिटावर. मेट्रो २अ आणि ७ या मार्गिका एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाच्या कंपनीच्या. मेट्रो ३ केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीची. बेलापूर-पेंधर मेट्रो नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची. बेस्ट महापालिकेची. म्हणून ॲप आधी आलं. ॲपला कुणाचंही उत्पन्न कमी करावं लागत नाही.

आता भाड्याचा आकार. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये झोन असतात: नकाशावर वर्तुळं किंवा मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं, जितके झोन ओलांडाल तितकं भाडं, आणि तिकिटाला वेळेची मर्यादा. त्या वेळेत, त्या झोनमध्ये काहीही वापरा. शहर गोल आणि मध्यभागी स्टेशन असेल तिथे हे छान बसतं. मुंबई गोल नाही. हे तीन-चार लांब बोटांचं शहर आहे आणि लोक बोटांच्या आडवेही जातात: ठाणे-बोरिवली, कल्याण-तळोजा. चर्चगेट मध्यभागी धरून वर्तुळं काढली तर विरारहून वसईला जाणारा आणि विरारहून कल्याणला जाणारा एकाच कड्यात सापडेल. शिवाय झोनच्या रेषेवर दोन स्टेशनांचं भाडं अचानक उडी मारतं आणि रेषेअलीकडच्या स्टेशनावर पार्किंगची झुंबड उडते. म्हणून मुंबईसाठी माझं मत सिंगापूरच्या पद्धतीकडे झुकतं. तिथे जुलै २०१० पासून बस आणि मेट्रो मिळून एकूण अंतरावर भाडं लागतं. पहिला टप्पा एकदाच. मध्ये पाच वेळा वाहन बदलता येतं, एका वाहनातून उतरून दुसऱ्यात चढायला ४५ मिनिटं, सगळा प्रवास दोन तासांच्या आत. त्याच क्रमांकाच्या बसमध्ये परत चढलात किंवा मेट्रोच्या त्याच स्टेशनातून बाहेर येऊन पुन्हा आत गेलात तर तो नवा प्रवास. शेवटची दोन कलमं कागदावर किरकोळ दिसतात. ती नसतील तर लोक बाजारहाट करून त्याच भाड्यात परत येतात आणि पहिल्या तिमाहीतच योजना बदनाम होते.

बदलण्यासाठी दिलेली मिनिटं नकलून आणू नयेत, मोजून काढावीत. सूत्र साधं: चालण्याचा वेळ, अधिक पुढच्या वाहनाच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर, अधिक नेहमीचा उशीर. घाटकोपरला लोकलच्या फलाटावरून पूल चढून मेट्रोच्या दारापर्यंत गर्दीच्या वेळी आठ-दहा मिनिटं धरा, मेट्रो लगेच मिळते, तिथे वीस मिनिटंही पुरतील. पण जिथे बस पंचवीस मिनिटांनी आहे आणि पावसात आणखी दहा मिनिटं उशिरा येते, तिथे तीस मिनिटांची मुदत ठेवली तर बस चुकवणाऱ्या संस्थेची शिक्षा प्रवाशाला होते. एका फेरीला दहा रुपये जास्त कापले गेले की माणूस ते महिनाभर सांगत फिरतो. ही मुदत नेहमी सर्वांत विरळ बसवरून ठरवावी. आपल्याकडे पाऊण तासाच्या खाली जाऊ नये. दोन तासांचं एकूण बंधनही इथे तोकडं आहे, कसाऱ्याहून निघालेला माणूस दोन तासांत लोकलमधूनच उतरलेला नसतो.

नेहमी ऐकू येणारा आक्षेप: "लोकलच्या स्टेशनांना दारंच नाहीत, मग कार्ड टेकवणार कुठे?" हा आक्षेप अर्धाच खरा आहे. दारं लागतात ती जितका प्रवास तितके पैसे कापायला. एकात्मिक भाड्याला दारं लागत नाहीत. म्युनिक, हॅम्बुर्ग, झ्युरिक या तिन्ही ठिकाणी स्टेशनं उघडी आहेत. तिकीट किंवा पास जवळ हवा, अचानक तपासणी होते, जर्मनीत विनातिकीट सापडलं तर ६० युरो. कोण कशातून गेलं हे वाटणीसाठी कळायला हवं म्हणून डब्यांच्या दारांवर मोजणीचे सेन्सर आणि अधूनमधून नमुना पाहणी. लंडनमध्ये मधला मार्ग आहे: दार नसलेल्या स्टेशनांवर नुसता खांब, त्यावर चढताना-उतरताना कार्ड टेकवायचं. टेकवायला विसरलात की प्रवास अपुरा राहतो आणि जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. मुंबईत खांबाचा उपाय चालणार नाही. कुर्ल्याला संध्याकाळी गाडी रिकामी होते तेव्हा एका मिनिटात पुलावर जो लोंढा येतो त्याला प्रत्येकी एक सेकंद थांबवलं तरी पुढची गाडी येईपर्यंत जिना मोकळा होणार नाही. आणि जिना तुंबणं ही गैरसोय नाही, धोका आहे. म्हणजे लोकलच्या टप्प्यावर पास किंवा आधी काढलेलं तिकीट, मेट्रो-बसच्या टप्प्यावर टेकवणं, असा मिश्र संसारच इथे शहाणपणाचा.

त्यामुळे मुंबईत सुरुवात एकेरी तिकिटापासून करणं चूक ठरेल. लोकलचा रोजचा प्रवासी पासवर चालतो. वरच्या उदाहरणात पासवर त्याला एक फेरी ४ रुपये ३० पैशांना पडते. त्याला तुम्ही "लोकल, मेट्रो, बस मिळून ३० रुपये" असं आकर्षक तिकीट दिलंत तर तो हसेल, कारण लोकलचे पैसे त्याने आधीच भरलेत. त्याला हवी आहे पासावरची जोड: डोंबिवली-घाटकोपर पास असेल तर ठरावीक जास्तीचे पैसे भरून महिनाभर मेट्रो आणि बस. तांत्रिक अडचण मोठी नाही. कॉमन मोबिलिटी कार्डाच्या चिपमध्ये पैशांच्या पाकिटाशिवाय संस्थांचे पास साठवायला वेगळी जागा असते. रेल्वेचा पास तिथे लिहिला की मेट्रोचं दार तो वाचून सवलतीचं भाडं कापू शकतं. जोडीची किंमत प्रवाशाच्या आजच्या पर्यायाशी तोलावी, म्हणजे शेअर रिक्षाशी, बेस्टच्या भाड्याशी नाही. आणि मेट्रोला भरपाई द्यायची ती त्या पासवर प्रत्यक्ष टेकवलेल्या फेऱ्यांवरून. इथे दारं आहेत, मोजणी चोख मिळते, भांडण कमी.

सपाट दराचा मोहही टाळावा. जर्मनीने २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने ९ युरोत देशभर प्रवास देऊन पाहिला, मे २०२३ पासून ४९ युरोंचं मासिक तिकीट आणलं. ते जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झालं. प्रवाशाला सोपं, खरंच सोपं. पण केंद्र आणि राज्यं मिळून वर्षाला ३ अब्ज युरो घालतात तेव्हा ते चालतं, आणि पुढचे पैसे कोण देणार यावर सारखा वाद. (तिकडे शिकायला गेलेल्यांसाठी एवढंच: ते तिकीट आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये चालत नाही, नावावर असतं म्हणून ओळखपत्र लागतं, आणि ते आपोआप पुढे चालू राहतं, बंद करायचं तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत. म्युनिकमध्ये कागदी तिकीट घेतलं आणि त्यावर वेळेचा शिक्का नसेल तर ते निळ्या पेटीत छापून घ्यायचं. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट.)

एकात्मिक भाड्याची योजना जाहीर झाली की बातमीतलं कार्ड, रंग, नाव सोडून तीन गोष्टी शोधाव्यात. वाहन बदलल्यावर पहिला टप्पा पुन्हा लागतो का. लोकलचा पास त्यात धरला आहे का. आणि ज्या संस्थेचं उत्पन्न घटेल तिला भरपाई कोण, किती दिवसांत देणार. तिसऱ्याचं उत्तर "परस्पर सामंजस्याने" असं असेल तर ती योजना ॲपपुरतीच राहणार हे धरून चालावं.

तोवर हाताशी जे आहे त्याचा वापर असा करा. लोकलचा पास रेल्वेच्या ॲपवर किंवा कागदी, तो वेगळाच ठेवा. मोबाइलवर असेल तर बॅटरी संपल्यावर टीसीपुढे तो पास नसल्यात जमा आहे. कागदविरहित तिकीट फलाटावर पोचल्यावर काढता येत नाही, स्टेशनाबाहेरच काढा. मेट्रो आणि बसला कॉमन मोबिलिटी कार्ड. त्यात घरबसल्या पैसे भरले तरी ते चिपमध्ये लगेच उतरत नाहीत, स्टेशनातल्या यंत्रावर किंवा खिडकीवर कार्ड एकदा ठेवून शिल्लक चढवून घ्यावी लागते. "पैसे भरले तरी दार उघडेना" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण असतं. चिपमध्ये एका वेळी २००० रुपयांपेक्षा जास्त मावत नाहीत, आणि कार्ड हरवलं तर चिपमधले पैसे गेले असंच समजायचं, म्हणून पंधरा दिवसांच्या खर्चापेक्षा जास्त भरू नका.